म्हातारीचा भोपळा जपानीत कसा घरंगळतो: पुण्यातल्या एका शाळेच्या वर्षभराची नोंद

आमच्या शाळेतला ‘परदेशी भाषा दिवस’ वर्षानुवर्षं एकाच साच्यातून निघायचा. फ्रेंचवाल्यांचा आयफेल टॉवर, जपानीवाल्यांचे कागदी पंखे, दोन कविता, एक नाच, पाहुण्यांना गुच्छ. २०१८ साली थर्माकोलवर बंदी आली तेव्हा टॉवर पुठ्ठ्याचा झाला, एवढाच काय तो बदल. मी तिथे फ्रेंच शिकवते, त्यामुळे टॉवर चिकटवणाऱ्यांत मीही होते.

ज्या जानेवारीपासून हे प्रकरण सुरू झालं, त्या वर्षी पाहुण्या म्हणून एक जपानी बाई आल्या होत्या. त्यांचे यजमान चाकणच्या एका कारखान्यात दोन-तीन वर्षांसाठी बदलून आलेले. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी किमोनो घातलेल्या एका मुलीला हळूच बाजूला घेतलं, तिचा पट्टा सोडला आणि किमोनो उलटा करून पुन्हा नेसवला. किमोनोची डावी बाजू वर यावी लागते. उजवी वर घेतात ती फक्त शेवटच्या प्रवासाला निघालेल्याला नेसवताना. आमच्या आठ मुली तासभर तशाच नाचल्या होत्या.

हे एक वेळ चाललं असतं. पण नेसवताना बाईंनी सहज विचारलं, तुला खायला काय आवडतं? जपानीतला अगदी पहिल्या महिन्यातला प्रश्न. मुलीने दोन्ही हात मांडीवर ठेवले, कमरेत वाकली आणि ‘हाजिमेमाश्ते’पासून स्वतःची पूर्ण ओळख पुन्हा एकदा म्हणून दाखवली. बाई म्हणाल्या, ‘जोऽझु देसु ने’. म्हणजे छान येतं हं तुला. जपानीच्या मिस मला नंतर म्हणाल्या, “एक वाक्य बोललं की परक्या माणसाला जपानी लोक हेच म्हणतात. आपण ‘नमस्कार’ म्हणणाऱ्या गोऱ्याला म्हणतो ना, वा, काय सुंदर मराठी बोलता, तसं.”

माझ्या वर्गाची गत वेगळी नव्हती. पोरं क्रियापदं चालवायची, परिच्छेद पाठ करायची, आणि ‘आज बाहेर कसं आहे?’ म्हटलं की खिडकीकडे न बघता पुस्तकातलं वाक्य सांगायची: छान ऊन आहे. बाहेर पाऊस.

याची कारणं शोधायला समिती नेमायची गरज नव्हती. शाळा इंग्रजी माध्यमाची. आठवीत फ्रेंच, जपानी किंवा संस्कृत घ्यायचं. निवड बहुतेक वेळा पालक करतात आणि निकष एकच: कशात जास्त मार्क पडतात. तासाला इंग्रजीच बोलायचं हा नियम. म्हणजे घरी मराठी, कानडी नाहीतर तेलुगू बोलणारं मूल जपानी वाक्य आधी इंग्रजीत उलटं करायचं आणि मग परत सुलटं. ‘वाताशि वा गाक्कोऽ ए इकिमास’ म्हणजे मी - शाळेला - जाते. शब्दाला शब्द, क्रमाला क्रम. ‘वा’ आणि ‘ए’ शब्दाच्या मागे आपल्या प्रत्ययासारखे चिकटतात. इतकं सरळ असताना आम्ही त्याला इंग्रजीचा वळसा घालत होतो, कारण वर्गात मराठी बोलली की दंड दहा रुपये.

जूनमध्ये आम्ही दोघींनी पर्यवेक्षिकांकडून एकच सवलत मागितली. आठवीच्या दोन तुकड्यांत, आमच्या तासापुरती, मुलांना घरची भाषा वापरू द्यायची. त्यांनी दिली, पण घटक चाचणीचे मार्क उतरले तर सवलत परत, या बोलीवर.

पाऊस

सुरुवात पावसाने केली, कारण तो होताच. फळ्यावर तीन रकाने आखले आणि पावसाचे आवाज गोळा केले. मराठीचा रकाना पाच मिनिटांत भरला: रिमझिम, धो धो, टपटप, रिपरिप, भुरभुर. जपानीच्या मिसनी त्यांचे लिहिले. मुसळधार पडतो तो ‘झाऽझाऽ’. संथ, न थांबता पडतो तो ‘शितोशितो’. थेंब ठिबकतात ते ‘पोतापोता’. ढग गडगडतात ते ‘गोरोगोरो’. मुलांना समजावून सांगण्याची वेळच आली नाही. टपटप आणि पोतापोता यांत काय समजवायचं? इंग्रजीतून शिकवताना हेच शब्द आम्ही ‘पुढच्या वर्षी’ म्हणून सोडून द्यायचो, कारण इंग्रजीत त्यांना धड जागाच नाही. मराठीत मात्र ते आजीच्या बोलण्यात असतात.

फ्रेंचचा रकाना ओस पडला. थेंबांसाठी ‘प्लिक प्लॉक’ आहे, पुढे फार काही नाही. तेव्हा मी वाक्प्रचाराकडे वळले. जोराचा पाऊस आला की फ्रेंच माणूस म्हणतो, दोर पडतायत. एका मुलाने विचारलं, “मिस, दोर कसे पडतील?” मागून उत्तर आलं, “आणि मुसळं कशी पडतात मग?” त्या दिवशी मी काही शिकवलं असं मला वाटत नाही, पण सगळ्यांना ‘कोर्द’ हा शब्द आला, तोही लिंगासकट.

लिंग ही फ्रेंचची जुनी डोकेदुखी. इंग्रजीतून आलेल्या मुलाला टेबल ‘ती’ का, हे वर्षभर पटत नाही. मराठी मुलाला पटवायची गरज नसते, कारण खुर्ची ‘ती’ आणि पंखा ‘तो’ हे त्याने कधी विचारलेलंच नाही. भांडण फक्त एवढंच की फ्रेंचचं आणि आपलं जुळत नाही. आपला चंद्र तो, त्यांचा ती. आपली बस ती, त्यांची तो. वर्गाच्या मागच्या भिंतीवर मुलांनी ‘न जुळणाऱ्यां’ची यादी लावली. जुळणारे पाठ करायचेच नाहीत, न जुळणारे तेवढे करायचे. व्याकरणाच्या पुस्तकात ही युक्ती नाही, आणि नपुंसकलिंगी घर, पुस्तक, झाड यांच्यापुढे ती लंगडी पडते. पण यादी मुलांची होती, म्हणून ती वाढत गेली.

च, ह आणि नाक

जपानीच्या वर्गातला सगळ्यात मजेचा तास हिरागानाचा, म्हणजे जपानी मुळाक्षरांचा. मूळ अक्षरं ४६. रोमन लिपीतून शिकवलं की मुलं ती शेचाळीस सुटी चित्रं म्हणून घोकतात. मिसनी या वेळी तक्ता वर्णमालेसारखा मांडला आणि विचारलं, ओळखीचं काही दिसतंय का? आ इ उ ए ओ. मग क, स, त, न, ह, म, य, र, व. एक मुलगी म्हणाली, “हे आपलंच आहे, फक्त मधले वर्ग गळलेत. पण न नंतर ह कसा? तिथे प पाहिजे.” मिसनी तिला बाकावर उभं केलं, शाबासकीसाठी. जपानीतला ‘ह’ जुन्या काळी ‘प’ होता, आणि जागा त्याने सोडलेली नाही. ‘स’ही तसाच आपल्या ‘च’च्या जागी बसला आहे. बौद्ध भिक्षू सिद्धम् लिपीतून संस्कृत शिकले, त्यांच्या अभ्यासाचा ठसा या क्रमावर उमटला. सरस्वती तिकडे बेंझाइतेन झाली, गणपती कांगितेन झाला, त्यांच्या बरोबरीने आपली बाराखडीही जाऊन राहिली, असं म्हणायला हरकत नाही.

उच्चारातही घरची शिदोरी निघाली. ‘त्सु’ हा उच्चार अनेकांना छळतो. मराठी मुलाला एवढंच सांगायचं: चहाचा च नाही, चुलीचा चू. झालं. जपानी ‘न’ पुढच्या अक्षराप्रमाणे बदलतो. ‘शिंबुन’मध्ये म, ‘कांतान’मध्ये न, ‘गिंकोऽ’मध्ये गळ्यातला. आपला अनुस्वार आंबा, अंत आणि अंक यांत हेच करतो. फक्त ‘चोरवाट चांगली आहे पण तिच्यावर घर बांधू नका,’ असं मिस बजावायच्या. तीन आठवड्यांनंतर वहीत देवनागरी दिसली की त्या खोडून टाकायच्या. फ्रेंचला मी देवनागरी पहिल्या दिवसापासून बंद ठेवली होती. ओठांचा चंबू करून ‘ई’ म्हणायचा तो फ्रेंच स्वर आपल्या कुठल्याच मात्रेत मावत नाही. ‘रस्ता’ आणि ‘चाक’ यांचे दोन्ही फ्रेंच शब्द मुलं ‘रू’ असेच लिहितात आणि मग तसेच म्हणतात.

फ्रेंचमध्ये मदत आली ती अनपेक्षित बाकावरून. कुडाळकडून पाचवीत पुण्यात आलेला एक मुलगा. घरात मालवणी. ‘नाकात बोलतो’ म्हणून पोरं त्याची नक्कल करायची, त्यामुळे तो वर्गात फारसा बोलतच नसे. फ्रेंचचे नाकातले स्वर शिकवायला मी पावासाठीचा शब्द घेतला, ‘पँ’. सगळा वर्ग ‘पॅन’ म्हणत होता, शेवटी जोरदार न. त्याच्याकडे पाळी आली आणि त्याने तो असा म्हटला की मीच थांबले. मी त्याला पुन्हा म्हणायला लावलं, मग फळ्यावरचे सगळे शब्द म्हणायला लावले. मग मी वर्गाला सांगितलं, ‘खंय’ म्हणा. खंय गेलो होतास? एक तास वर्ग मालवणी बोलत होता आणि त्या तासाअखेर निम्म्यांचा ‘न’ सुटला होता.

त्याच पावाच्या शब्दावरून पुढे एक खेळ निघाला. फ्रेंच ‘पँ’, जपानी ‘पान’, मराठी पाव. जपानी आणि मराठी शब्द पोर्तुगीजांकडून आले, फ्रेंच त्यांचा चुलतभाऊ. तंबाखू तिन्हीकडे आहे. फ्रेंच साबण ‘सावों’ आणि जपानीत साबणाच्या फुग्याला ‘शाबोनदामा’. मुलं आठवडाभर घरातल्या वस्तूंची नातीगोती जमवत होती. त्यांतली निम्मी चुकीची निघाली; एकाने ‘आरिगातो’ हा पोर्तुगीज शब्द असल्याचं छातीठोक सांगितलं. तो नाही. पण चुकीचं नातं कसं ओळखायचं, यावर एक तास चांगला गेला.

भोपळा

सहामाहीनंतर आम्ही दोन्ही वर्गांना एकच काम दिलं. म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट आपापल्या भाषेत सांगायची, कामिशिबाईच्या पद्धतीने. कामिशिबाई म्हणजे कागदी नाटक. १९३०च्या दशकात जपानच्या गल्ल्यांतून सायकलवर लाकडी पेटी लावून गोष्टीवाले फिरायचे. लाकडाचे दोन तुकडे एकमेकांवर आपटून मुलांना बोलवायचे, गोळ्या-मिठाई विकायचे आणि पेटीतली चित्रं एकामागून एक ओढत गोष्ट सांगायचे. पेटी आम्ही सुताराकडून करून घेतली. आपटायला नवरात्रातल्या टिपऱ्या होत्या.

पहिला प्रयोग आपटला. मुलांनी प्रत्येक चित्राच्या मागे त्याच चित्राचा मजकूर लिहिला होता. पेटीत चित्र पुढे तोंड करून बसलं की सांगणाऱ्याला दिसते ती गठ्ठ्यातल्या शेवटच्या पानाची पाठ. म्हातारी घरातून निघाली आणि मागून आवाज आला, ‘आणि ती सुखाने राहिली.’ पहिल्या चित्राचा मजकूर शेवटच्या पानामागे, दुसऱ्याचा पहिल्यामागे, असं सरकवत लिहायचं असतं. आम्हा दोघींना हे माहीत होतं, पण आम्ही मुद्दाम सांगितलं नव्हतं, असं मी पर्यवेक्षिकांना सांगितलं. खरं म्हणजे आम्ही विसरलो होतो.

तेव्हा कुडाळचा मुलगा म्हणाला, आमच्याकडे पण असं असतं. दिवाळीच्या सुट्टीत तो गावी गेला होता आणि जवळच्या पिंगुळीला जाऊन आला होता. तिथले ठाकर समाजाचे कलावंत चित्रकथी सांगतात. चित्रांच्या गठ्ठ्याला ते पोथी म्हणतात आणि रामायण-महाभारतातली कथा एकेक चित्र दाखवत गातात. २०२१ मध्ये परशुराम गंगावणे यांना याच कामासाठी पद्मश्री मिळाली. पोथीत चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात, म्हणजे मागे लिहायला जागाच नाही. सांगणाऱ्याला गोष्ट यावीच लागते. त्याने आपल्या आजीला फोनवर कामिशिबाईबद्दल सांगितलं, तर ती म्हणाली, “मागे लिवन वाचूचा? मगे त्येंका येता काय?”

आजीचा प्रश्न आम्ही नियम म्हणून घेतला. गोष्टीचा पहिला अर्धा भाग मागे लिहून चालेल. भोपळा घरंगळायला लागल्यापुढचा भाग पाठीमागे कोरा. वर्षभरात घेतलेल्या निर्णयांत हा मला सगळ्यात बरोबर वाटतो, आणि तो आमच्या दोघींपैकी एकीचाही नाही.

भाषांतर करताना खरी भाषा वर आली. ‘टुणुक टुणुक’चं काय करायचं? जपानीत ‘कोरोकोरो’ आहे आणि ‘गोरोगोरो’ही आहे. हलकी, लहान वस्तू कोरोकोरो घरंगळते; जड धोंडा गोरोगोरो. भोपळा कुठला? आत म्हातारी आहे म्हणजे जड. पण ती लेकीकडे जाताना वाळलेली होती, परतताना तूप-रोटी खाऊन लठ्ठ झाली आहे आणि भोपळ्यात बसते ती परतताना. ठरलं, गोरोगोरो. व्यंजन घोष झालं, ‘को’चं ‘गो’ झालं, की वस्तू जड होते, हा धडा मिसनी कधी घेतला नव्हता. तो मुलांनी भांडून काढला.

म्हातारी म्हणजे ‘ओबाऽसान’. त्यातला आ ओढला नाही तर ‘ओबासान’, म्हणजे मावशी. पहिल्या तालमीत वाघाने पाच वेळा मावशीलाच गाठलं.

वाघाची भाषा हाच सगळ्यात मोठा वाद झाला. पाठ्यपुस्तक फक्त आदरार्थी रूपं शिकवतं, ‘ताबेमास’. मिस म्हणाल्या, हा वाघ ‘मी आपणास भक्षण करतो’ म्हणतोय. मग ‘ताबेरु झो’ आलं. मुलांना तोवर अशी रांगडी रूपं फक्त ॲनिमेतून माहीत होती आणि ती आपल्या वर्गातही चालतात याचाच त्यांना आनंद. फ्रेंचच्या वर्गात वाघाने म्हातारीला ‘त्यू’ म्हणावं की ‘वू’, तू की तुम्ही? एक गट म्हणाला, वाघ आहे, तू म्हणणारच. दुसऱ्या गटातली तेलुगू घरातली मुलगी म्हणाली, आमच्याकडे आजीला वाघसुद्धा ‘गारू’ लावेल. शेवटी त्यांचा वाघ आधी ‘वू’ म्हणतो आणि भूक असह्य झाली की ‘त्यू’वर येतो. इतका नेमका प्रयोग मी परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत कधी पाहिलेला नाही.

दोन आणि तीन फेब्रुवारी

‘परदेशी भाषा दिवस’ आम्ही जानेवारीतून हलवून २ आणि ३ फेब्रुवारीला नेला, कारण पंचांग जुळत होतं. २ फेब्रुवारीला फ्रान्समध्ये शांदलर. त्या दिवशी क्रेप, म्हणजे पातळ धिरडी, करतात आणि एका हातात नाणं धरून दुसऱ्या हाताने तव्यावरचा क्रेप उडवून उलटतात, वर्षभर बरकत राहावी म्हणून. त्याच्या दुसऱ्याच दिवशी, बहुतेक वर्षी ३ फेब्रुवारीला, जपानात सेत्सुबुन. भाजलेले सोयाबीन फेकत ओरडायचं, ‘ओनी वा सोतो, फुकु वा उचि’: राक्षस बाहेर, सुख आत. इडा पिडा टळो म्हणणाऱ्यांना याचा अर्थ विचारावा लागत नाही.

क्रेपमधल्या अंड्यावर आधीच चार चिठ्ठ्या आल्या. म्हणून कणकेची धिरडी केली, आणि कुडाळच्या मुलाच्या आईने तांदळाचे घावन. घावन उडवता येत नाही, मोडतो, हे सगळ्यांसमोर सिद्ध झालं. पाहुणे मात्र या वेळी खुर्च्यांवर नव्हते. तव्यापुढे उभे राहून मुलांकडे फ्रेंचमध्ये मागितल्याशिवाय धिरडं नाही, हा नियम. काही पालकांनी ‘सिल व्हू प्ले’ तिथेच शिकून घेतलं. मोजदादही फ्रेंचमध्ये. सत्तर म्हणजे साठ-दहा, ऐंशी म्हणजे चार-वीस. एका आजोबांनी लगेच सांगितलं, आमच्या गावात जुनी माणसं चार विसाच म्हणायची. जपानीत मात्र एकवीस म्हणजे सरळ ‘दोन-दहा-एक’. २०१९ साली दुसरीच्या गणितात ‘वीस एक’ आलं तेव्हा घराघरांत झालेला वाद त्या रांगेत पुन्हा रंगला.

सेत्सुबुनला सोयाबीनबरोबर फुटाणेही आणले होते, वयाइतके खायचे म्हणून. राक्षसाचा मुखवटा क्रीडा शिक्षकांनी घातला आणि पहिलीची दोन मुलं रडली. व्हरांड्यात दाणे पसरले, सफाईच्या मावशी घसरता घसरता वाचल्या. मग जपानीच्या वर्गाने झाडू हातात घेतले. तिकडच्या शाळांत मुलं रोज आपला वर्ग स्वतः झाडतात, तेही जमेस धरलं. दुसऱ्या दिवशी एका पालकांची तक्रार आली की फी भरून मुलाला झाडू दिला. मुख्याध्यापकांनी ती तक्रार आमच्याकडे पाठवली. आम्ही ती मुलांना दिली आणि उत्तर लिहायला सांगितलं. उत्तर चांगलं होतं, पण पाठवायची परवानगी मिळाली नाही.

किमोनोवाल्या बाई या वेळीही आल्या होत्या. किमोनो कोणीच घातला नव्हता. त्या भोपळ्याच्या गोष्टीला खाली सतरंजीवर बसल्या आणि वाघ ‘ताबेरु झो’ म्हणाला तेव्हा मोठ्याने हसल्या. नंतर आठवीतल्या एका मुलीला त्यांनी काहीतरी विचारलं. ती अडखळली, हाताने गोल काढला, ‘थालीपीठ’ म्हणाली आणि मग ते कसं असतं ते मोडक्यातोडक्या जपानीत सांगत राहिली. या वेळी ‘जोऽझु’ नाही आलं. उलट प्रश्न आला: त्यात काय काय घालतात?

हिशेब

लेखी मार्कांचं खरं सांगायचं तर वाढले नाहीत. फ्रेंचचे पहिल्या घटक चाचणीत थोडे उतरलेच. कानाने शिकलेली मुलं शेवटची न उच्चारली जाणारी अक्षरं गाळू लागली. दिवाळीनंतर रोज चार ओळींचं श्रुतलेखन सुरू केल्यावर ते सावरलं. जपानीत कांजी, म्हणजे चिनीतून आलेली अक्षरं, मागे पडली, कारण भोपळ्याने तिचे तास खाल्ले. जुलैत आणि फेब्रुवारीत आम्ही प्रत्येक मुलाचं एक मिनिटाचं बोलणं फोनवर ध्वनिमुद्रित केलं होतं. जुलैच्या फितींत पाठांतर आहे आणि शांतता आहे. फेब्रुवारीच्या फितींत चुका आहेत, भरपूर.

सगळ्यांना फायदा सारखा झाला असंही नाही. घरीही इंग्रजीच बोलणारी तीन-चार मुलं होती. ‘तुझ्या आजीला विचार’ हा आमचा मंत्र त्यांच्यापाशी थांबायचा. त्यांच्यासाठी आम्ही काही वेगळं केलं नाही. करायला हवं होतं.

मार्चमध्ये जपानीच्या मिसनी नोकरी सोडली. हिंजवडीतल्या एका कंपनीत दुभाषी म्हणून त्यांना जो पगार मिळतो, त्यात आमच्या शाळेतले दोन शिक्षक बसतील. पुण्यात जपानी शिकवणाऱ्यांचं हे नेहमीचंच, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. जून आणि अर्धा जुलै त्यांची जागा रिकामी होती. ७ जुलैला, तानाबाता या जपानी सणाला, नववीच्या मुलांनी स्वतःच बांबू आणला आणि इच्छांच्या चिठ्ठ्या बांधल्या. मी वाचता येतील तेवढ्या वाचल्या. बऱ्याच क्रिकेटच्या होत्या. एकीत फक्त हिरागानात ‘सेन्सेइ’, म्हणजे शिक्षक, एवढंच लिहिलं होतं आणि पुढे प्रश्नचिन्ह.

नव्या मिस जुलैअखेर आल्या. पहिल्याच तासाला त्यांनी रोमन लिपीतला तक्ता भिंतीवर लावला. मधल्या सुट्टीत त्या स्टाफरूममध्ये विचारत होत्या, कपाटावर ती लाकडी पेटी कसली आहे आणि मुलं सारखी ‘मिस, प कुठे गेला’ असं का विचारतायत.